रांजण लाकडाचा की मातीचा?

रांजणगावला महागणपतीचे दर्शन घेऊन बाहेर पडलो की मी पेढ्यांच्या दुकानाआधी लाकडी वस्तूंच्या दुकानाशी थांबतो. सवयच आहे. पोळपाट, लाटणी, रव्या, भोवरे आणि एका कोपऱ्यात कुंकवाचे करंडे. गेल्या खेपेला एक करंडा उचलला. झाकण इतके नेमके बसत होते की उघडताना हलकासा ‘टप्’ आवाज यायचा. दुकानातल्या मावशींना विचारले, “मावशी, हा कोणत्या लाकडाचा?”

“दादा, लाकडाचाच हाय,” त्या म्हणाल्या. माझ्या प्रश्नात त्यांना शंका ऐकू आली असावी. “प्लास्टिक न्हाई. लेथवर मारलेला हाय, फिनिशिंग बघा की.”

लेथवर मारलेला! या गावात हा शब्द कुणाला परका वाटेल? पुणे-नगर रस्त्यालगतच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींपासून फ्रिजपर्यंत काय काय तयार होते. आसपासच्या वाड्यावस्त्यांतली पोरे आयटीआयला जाऊन ‘टर्नर’ होऊन येतात. त्यांच्या बोलण्यात ‘जॉब’ म्हणजे नोकरी नव्हे, लेथच्या चकात धरलेला लोखंडाचा तुकडा. तेव्हा करंडाही लेथवरच ‘मारला’ जाणार. तरी परतीच्या वाटेवर एक शब्द डोक्यात घोळत राहिला. या टर्नरला मराठीत स्वतःचे नाव होते, आणि ते नाव फार गमतीचे होते.

ते नाव कातारी. कातारी म्हणजे लाकूड कातणारा. पलंगाचे गोल पाय, पाळण्याच्या दांड्या, करंडे, भोवरे, लाटणी, जे जे म्हणून गोल फिरवून घडवायचे ते कातायचे. असे घडलेले काम ते कातीव. ‘कोरीव-कातीव’ ही जोडी आपण अजून वापरतो, पण दुसऱ्या शब्दाकडे लक्ष न देता. कोरीव म्हणजे पटाशीने कोरलेले, कातीव म्हणजे फिरवून काढलेले. वाड्यातले केळफुलाचे झुंबर कोरीव, पाळण्याचा गोंड्यागोंड्यांचा दांडा कातीव. हल्ली सुडौल बांध्यालाही कातीव म्हणतात. म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लाकडाचा भुसा नसतो, एवढाच फरक.

पण ‘कातणे’ म्हटल्यावर आपल्याला लाकूड आठवत नाही, सूत आठवते. चरखा, टकळी, पेळू. मग एकच क्रियापद कापसालाही आणि सागवानालाही कसे चालते?

संस्कृतात ‘कृत्’ नावाचे दोन धातू आहेत. एकाचा अर्थ कापणे, त्याचे रूप ‘कृन्तति’. दुसऱ्याचा अर्थ गुंडाळणे, पीळ देणे, सूत काढणे. त्याचे रूप ‘कृणत्ति’. व्याकरणकारांनी ते वेगवेगळ्या गणांत ठेवले, पण नाम मात्र दोघांचे एकच झाले: कर्तन. कर्तन म्हणजे कापणे आणि कर्तन म्हणजे कातणेही. प्राकृतातून येताना र नाहीसा झाला आणि आधीचा स्वर लांबला. कर्माचे काम झाले, सर्पाचा साप झाला, तसे कर्तनाचे कातणे. कापण्याच्या कृत् धातूपासून आपल्याला कातर आणि कात्री मिळाली, पिळण्याच्या कृत् धातूपासून कातलेले सूत. दोन सख्खे नसलेले भाऊ एकाच नावाने एकाच घरात राहायला आले.

आणि कातारी? तो कुणाचा? कापणाऱ्याचा की पीळ देणाऱ्याचा?

याचे उत्तर कोशात शोधण्याआधी जुन्या पद्धतीचे काम डोळ्यांपुढे आणावे. विजेची मोटर येण्यापूर्वी कातारी जमिनीवर बसे. दोन टोकांमध्ये लाकडाचा ठोकळा आडवा अडकवलेला. त्याला दोरीचे एक-दोन वेढे. समोर बसलेला मदतनीस, बहुधा घरातलेच पोर, दोरीची दोन टोके आळीपाळीने ओढी. ठोकळा एकदा पुढे फिरे, एकदा मागे. लाकूड आपल्या दिशेने फिरत असेल तेवढ्याच वेळात कातारी हत्यार टेकवी, उलटे फिरू लागले की किंचित मागे घेई. म्हणजे निम्मा वेळ काम आणि निम्मा वेळ थांबणे, तेही दर क्षणाला. दोरीचा वेढा हे एक कर्तन, धारेचा स्पर्श हे दुसरे. चरख्यावर नुसता पीळ आहे, कात्रीत नुसता काप आहे. दोन्ही कृत् एकाच वेळी जिथे राबतात ती जागा कातकामाची. माझ्यापुरता मी कातारी दोघांच्याही नावावर लावून टाकला आहे. भाषाशास्त्री कदाचित एकाच्याच वहीत नोंद करतील, करोत.

यास्काचार्यांनाही या धातूने खेळवले होते. निरुक्तात अक्षरांची अदलाबदल होऊन बनलेल्या शब्दांची उदाहरणे देताना त्यांनी ‘तर्कु’ हा शब्द घेतला आहे. तर्कु म्हणजे सूत कातायची चाती. कृत् उलटा फिरवला की तर्कु. दोरी मागे ओढल्यावर ठोकळा उलटा फिरावा, तसा शब्दच उलटा फिरला.

या कुळाच्या आसपास काही तोतयेही फिरतात, त्यांना ओळखून ठेवलेले बरे. सापाची कात घरचीच, कारण ती ‘कृत्ति’ म्हणजे कातड्यावरून आली आणि कातडे म्हणजे कापून सोलून काढलेले. पण विड्यातला कात वेगळा. तो क्वाथाचा, खैराचे लाकूड उकळून काढलेला. कातकऱ्यांचे नाव त्या धंद्यावरून पडले, कातण्यावरून नव्हे. आणि कातरवेळेचा कात्रीशी काडीचाही संबंध नाही. तिथला ‘कातर’ संस्कृतातला, व्याकूळ. कुणीतरी मला एकदा ठामपणे सांगितले होते की दिवस आणि रात्र कातरून वेगळी होतात म्हणून कातरवेळ. कल्पना इतकी सुंदर होती की खोडून काढताना जिवावर आले.

यंत्राचे नाव पाहू गेल्यास शेजाऱ्यांकडे ठसठशीत शब्द आहेत. हिंदीत खराद, तो अरबी-फारसीतून आला. गुजरातीत संघाडो. बडोद्यापलीकडच्या संखेड्याचे लाखेने रंगवलेले झोपाळे आणि खुर्च्या प्रसिद्ध आहेत. गावाचे नावच संघाड्यावरून पडले असे तिथले लोक सांगतात. संघाडो हा ‘संघाट’ या संस्कृत शब्दाचा वंशज, म्हणजे लाकडे एकमेकांत बसवून केलेली जुळणी. तोच संघाट मराठीत आला तो नदीवर. दोन होड्या किंवा सुके भोपळे बांधून पाण्यावर तरंगायला केलेली सांगड. पुढे भोपळे गेले आणि राहिले ते ‘सांगड घालणे’. भीमा-घोडच्या काठावर पूल झाले, सांगडी संपल्या. आता सांगड फक्त अग्रलेखात घातली जाते.

मराठीने यंत्रापेक्षा माणसाचे नाव अधिक जपलेले दिसते. सुतारच घ्या. सुतार म्हणजे सूत्रधार, हातात सूत धरणारा. नाटकातला सूत्रधार नंतर, आधी हा, ओंडक्यावर रंगात भिजवलेली दोरी ताणून टिचकी मारणारा. त्या एका टिचकीने सरळ रेघ उमटते आणि करवत तिच्यामागून चालते. दोरी गेली, पेन्सिल आली, आता लेसरही आला; पण मापातले सूत अजून गेलेले नाही. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. औद्योगिक वसाहतीतला फिटर मिलिमीटरमध्ये विचार करतो आणि संध्याकाळी घराचा दरवाजा बसवताना सुताराला सांगतो, “दोन सूत घासा.” कारखान्यात मीटर आणि घरात सूत, हा संसार सुखाचा चालला आहे.

सुताराच्या आधी त्याला आणखी एक नाव होते. पुणे जिल्ह्यातच कार्ल्याच्या चैत्यगृहात दोन हजार वर्षांपूर्वीचा एक लेख आहे. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या ‘वढकी’ने तिथले दार केले असे तो सांगतो. वढकी म्हणजे वर्धकी, सुतार. हिंदीतला बढ़ई तो हाच, आणि आपल्या विदर्भात वाढई म्हणून तो अजून आहे. गंमत अशी की सामीचे दार दगडात आहे आणि तो स्वतःला सुतार म्हणवतो. पण त्या चैत्याच्या छताला लाकडी फासळ्या आहेत, दोन हजार वर्षांच्या. दगडाच्या छताला त्यांची काही गरज नव्हती. आधी सगळे लाकडात बांधणाऱ्या हातांना दगडावरही लाकडाशिवाय चैन पडले नसणार.

सुताराच्या पेटीत शब्दांची अशीच सरमिसळ आहे. करवत म्हणजे करपत्र, शुद्ध देशी. रंधा फारशी. साग हा संस्कृत ‘शाक’, जो अरबांनी जहाजांसाठी नेला आणि ‘साज’ म्हणून आपल्या भाषेत ठेवून घेतला. पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘तासणे’ हा शब्द. संस्कृतातला ‘तक्ष्’, सुतारकामाचा आद्य धातू. तक्षन् म्हणजे सुतार. तक्षचे प्राकृतात तच्छ झाले आणि मराठीने आपल्या खास खोडीने त्या छचा स केला: तास. हीच खोड तिने सगळीकडे केली आहे. इक्षूचा ऊस, कुक्षीची कूस, क्षेत्राचे शेत, मक्षिकेची माशी. रांजणगावहून दौंडच्या बाजूला निघाले की दोन्ही बाजूंनी उसाची शेते लागतात. त्या दोन शब्दांत जे घडले तेच सुताराच्या वाकसाखाली घडले. घड्याळातला तास मात्र यात ओढू नये. तो फारशी ‘तास’, म्हणजे वाटी. भोक पाडलेली वाटी पाण्यात बुडवून वेळ मोजत त्या दिवसांतली.

वस्तू घडवण्यासाठी फिरवणे आणि तासणे किती मुळातले आहे हे पुराणकारांनाही ठाऊक होते. सूर्याचे तेज त्याच्या बायकोला, संज्ञेला, सोसवेना. तेव्हा तिच्या बापाने, विश्वकर्म्याने, जावयाला चाकावर चढवून फिरवला आणि त्याचे तेज तासून कमी केले. जो भुसा पडला त्यातून विष्णूचे चक्र आणि शिवाचे त्रिशूळ झाले. कालिदासाने रघुवंशात एका राजाच्या वर्णनात या प्रसंगाची उपमा वापरली आहे. मला त्यातला सासऱ्याचा व्यवहारीपणा आवडतो. तेज वाया घालवले नाही, ढलप्यांचाही हिशेब ठेवला. आणि रांजणगावची कथा आठवा: शंकराने त्रिपुरासुराला मारण्याआधी इथे गणपतीची आराधना केली. मारायला जाताना हातातल्या त्रिशुळात जावयाच्या कातकामाचा एक ढलपा होताच.

आता त्या गावाच्या नावाकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे.

रांजण म्हणजे पाणी साठवायचे मोठे मातीचे भांडे, हे पोरालाही ठाऊक. ‘बाळाच्या डोळ्यावर रांजणवाडी आली’ म्हणतानाही तो फुगीर रांजण डोळ्यापुढे येतोच. संस्कृतात मोठ्या जलपात्राला ‘अलिंजर’ म्हणत, पालीत ‘अरंजर’. सुरुवातीचा अ गळणे मराठीला नवे नाही. अरण्याचे रान झाले, अरघट्टाचा रहाट झाला, तसा अरंजराचा रांजण झाला असावा. शेवटच्या रचा ण कसा झाला, तिथे गाडी थोडी अडखळते. पण घाटावरच्या कोरड्या गावाचे नाव पाण्याच्या भांड्यावरून पडावे हे पटण्यासारखे आहे. शिरूर तालुक्यातच घोड नदीकाठी इनामगाव आहे. १९६८ पासून डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी, सांकळिया आणि ढवळीकरांनी, तिथे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली, कुंभारांची घरे निघाली, धान्य साठवायची मोठी भांडी निघाली. आणि एका घराच्या अंगणात चार पायांचे एक मातीचे भांडे निघाले, ज्यात एक प्रौढ पुरुष बसलेल्या स्थितीत पुरलेला होता. भांड्याला चार पाय! जणू भांडे आणि त्याखालची बैठक एकाच मातीत मळली होती. आपण पुढे ती दोन कामे वेगळी केली. कुंभाराने माठ द्यावा आणि सुताराने त्याखाली घडवंची. घडवंचीत घट आणि मंच दोघे बसलेले आहेत. आज मात्र गवंडी त्या नावाच्या घोडीवर उभा राहून छताला गिलावा करतो आणि वर घडा नसतो.

मग मातीचा रांजण जिंकला का? अजून नाही. रांजण नावाचे एक झाडही आहे. कुणी रांजणी म्हणतात, कुणी रायणी, कुणी खिरणी. पिवळी, चिकट, गोड फळे देणारे, सावकाश वाढणारे. संस्कृतात हे ‘राजादन’, राजाचे खाणे (चारोळीलाही तेच नाव दिले आहे, म्हणजे राजाला चव होती). त्यावरून गुजरातीत रायण आणि मराठीत रांजण. याचे लाकूड विलक्षण जड आणि चिवट, पाण्यात टाकले तर तळ गाठणारे. तेलाच्या घाण्यांना ते लागे, आणि कातकामालाही. म्हणजे हे कातारी मंडळींचे झाड.

आता शिरूर तालुक्याचा नकाशा उघडा. बाभुळसर, करंजावणे, निमगाव, कवठे, चिंचोली, पिंपरखेड. बाभूळ, करंज, निंब, कवठ, चिंच, पिंपर. हा तालुका म्हणजे नावांची रोपवाटिका आहे. यात मधूनच एक गाव भांड्याच्या नावाचे? आणि एकच रांजणगाव असते तर तेही मान्य केले असते. पण याच तालुक्यात भीमेकाठी रांजणगाव सांडस आहे, शेजारच्या पारनेरमध्ये रांजणगाव मशीद, वाळूजजवळ रांजणगाव शेणपुंजी, कोपरगावकडे रांजणगाव देशमुख. रांजणी नावाची गावे तर वेगळीच. कुंभार प्रत्येक गावात असे, रांजण प्रत्येक दारात असे. सगळ्या गावांत असलेल्या वस्तूवरून एका गावाचे नाव कशाला पडेल? झाड मात्र एखाद्याच वेशीवर मोठे होते. माझे मत झाडाच्या पारड्यात पडते.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. स्थलपुराण या गावाला मणिपूर म्हणते. आपण ‘मणी’ म्हणजे रत्न समजून पुढे जातो. पण अमरकोशात अलिंजराला, म्हणजे मोठ्या जलपात्राला, दुसरे नाव दिले आहे ‘मणिक’. कुणा संस्कृतज्ञ शास्त्रीबुवांनी रांजणगावाचे संस्कृत करताना रांजणाला मणिक लावला आणि मणिपूर बनवले, असे तर नाही? पुरावा काही नाही. पण तसे असेल तर शास्त्रीबुवांना झाड दिसलेच नाही, त्यांना फक्त मडके दिसले. किंवा त्यांच्या काळी झाड तुटून गेले होते.

याचा निकाल लावायला मी करंडा पिशवीत टाकून टाकळी हाजीकडे निघालो. कुकडी नदीच्या अलीकडे टाकळी हाजी, शिरूर तालुका. पलीकडे निघोज, पारनेर तालुका. मधल्या काळ्या कातळात नदीने शेकडो खोल, गोल, गुळगुळीत खड्डे पाडले आहेत. भूगोलाच्या पुस्तकात त्यांना रांजणखळगे म्हणतात. पाण्याचा भोवरा खडकाच्या खाचेत सापडतो, बरोबर आलेले गोटे त्यात गरगरतात आणि वर्षानुवर्षे घासून खडक आतून पोकळ करतात. भोवरा म्हणजे संस्कृत ‘भ्रमरक’. पोरांच्या हातचा लाकडी भोवराही तोच. त्यालाही आधी कातारी दोरीने फिरवून कातत असे, आणि मग पोर जाळी गुंडाळून पुन्हा फिरवी. एका दोरीने घडायचे आणि दुसऱ्या दोरीने जगायचे.

मी कडेला वाकून एका खळग्यात पाहिले. तळाशी हिरवट पाणी, आणि पाण्यात एक गोटा, इतका गोल की जणू कुणी कातून ठेवला होता. गुरे घेऊन आलेल्या एका बाबांना विचारले, “बाबा, या रांजणखळग्यांना इथे काय म्हणतात?”

“रांजण?” ते हसले. “रांजण घरात असत्यात, साहेब. हे कुंड हायेत.”